धूळपाटीवरील बालगुरू

विद्या ही मोठी विलक्षण ठेव आहे. धान्य दिले, तर कणगी रिकामी होते; पैसा दिला, तर पेटी हलकी होते; परंतु विद्या दिली, तर देणाऱ्याची विद्या उणी होत नाही, उलट ती अधिकच पक्की होते. हे तत्त्व आपल्या देशात पूर्वापार मान्य आहे. तथापि ते शाळेच्या चार भिंतींत कसे आणावे, एका मुलाने दुसऱ्या मुलास शिकविणे कितपत शक्य आहे आणि कितपत इष्ट आहे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. या प्रश्नाचा इतिहास मनोरंजक आहे आणि बोधप्रदही आहे; कारण त्यात यश आहे, तसेच अपयशही आहे.

जुन्या काळी महाराष्ट्रातील गावोगावी पंतोजींच्या शाळा असत. शाळा भरे ती एखाद्या देवळाच्या ओवरीत, नाहीतर कोणा गृहस्थाच्या पडवीत. पंतोजी एक आणि मुले अनेक; त्यातही कोणी मुळाक्षरे गिरवीत असे, कोणी पाढे म्हणत असे, तर कोणी मोडी वाचीत असे. लहान मुलांच्या पुढे धूळपाटी असे. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरावयाची, तिच्यावर बोटाने किंवा काडीने अक्षर काढावयाचे, आणि चुकले की हात फिरवून पुन्हा काढावयाचे, अशी ती सोपी रीत होती. तीस कागद लागत नसे, शाई लागत नसे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे मोठी मुले वरच्या आवाजात सांगत आणि लहान मुले त्यांच्यामागून म्हणत. अशा रीतीने मोठ्या मुलांची उजळणी होई आणि लहान मुलांचे शिक्षण होई.

हीच रीत दक्षिण भारतात एका परक्या प्रवाशाच्या दृष्टीस पडली होती. इटली देशातील पिएत्रो देल्ला वाल्ले हा प्रवासी १६२३ साली कर्नाटकातील इक्केरी या गावी आला होता. तेथे एका देवळाच्या ओसरीत चार मुले अंकगणिताचा पाठ म्हणत बसलेली त्याने पाहिली. जमिनीवर बारीक वाळू पसरलेली होती. एक मुलगा पाठाचा एक चरण सुरावर म्हणे आणि म्हणता म्हणता तो अंक बोटाने वाळूत लिही. मग उरलेली मुले तसेच म्हणत व तसेच लिहीत. वाळू भरून गेली, की हाताने पुसून पुन्हा आरंभ होई. जवळ गुरुजी नव्हते. प्रवाशाने त्यांस विचारले, की पाठाचा एखादा भाग विसरला, तर तुम्हांस सुधारणार कोण? मुलांनी उत्तर दिले, की चौघेही एकच भाग विसरतील, असे होणे शक्य नाही. एक विसरला, तर दुसरा त्यास आठवण करून देईल. या उत्तराचे प्रवाशास मोठे कौतुक वाटले, आणि ते त्याने आपल्या प्रवासवर्णनात नमूद करून ठेवले.

यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी हीच वाळू आणि हीच रीत एका मोठ्या चळवळीस कारण झाली. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या गावी १७५३ साली जन्मलेले अँड्र्यू बेल हे धर्मोपदेशक १७८७ साली मद्रास येथे आले. आज आपण ज्या शहरास चेन्नई म्हणतो, तेच हे मद्रास. त्या शहराच्या एग्मोर भागात सैनिकांच्या पोरक्या मुलांसाठी एक अनाथालय होते. १७८९ साली बेल त्याच्या शाळेची व्यवस्था पाहू लागले. त्यांस इतर कामांचे वेतन मिळत असल्यामुळे या कामाचे वेतन त्यांनी घेतले नाही.

शाळेची स्थिती मात्र निराशाजनक होती. शिक्षक थोडे होते, आणि जे होते त्यांस शिकविण्याची गोडी नव्हती. मुळाक्षरे शिकण्यातच मुलांचे महिनेच्या महिने जात. एके दिवशी सकाळी घोड्यावरून जात असता बेल यांस एक देशी शाळा दिसली. मुले जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे काढीत होती. बेल यांच्या मनात आले, की आपल्या शाळेतही असे का करू नये? त्यांनी सर्वांत खालच्या वर्गाच्या शिक्षकास तशी आज्ञा केली. परंतु या रीतीने शिकविणे अशक्य आहे, असे त्या शिक्षकाचे म्हणणे पडले. ज्यास एखादी गोष्ट करावयाचीच नसते, त्यास ती अशक्य वाटते, हा जगाचा अनुभव आहे.

तेव्हा बेल यांनी शाळेतील एका मुलास बोलावले. त्याचे नाव जॉन फ्रिस्किन. हा एका साध्या शिपायाचा मुलगा असून त्याचे वय अवघे आठ वर्षांचे होते. त्याच्यावर खालच्या वर्गास मुळाक्षरे शिकविण्याचे काम सोपविण्यात आले. ज्या कामास मोठा माणूस अशक्य म्हणत होता, ते काम या मुलाने करून दाखविले. वाळूवर अक्षरे उमटू लागली आणि मुले ती ओळखू लागली. मग बेल यांनी इतर खालच्या वर्गांवरही मुलांचीच नेमणूक केली आणि त्यांच्यावर देखरेख करण्याचे काम फ्रिस्किनला दिले. पुढे प्रकृती बिघडल्यामुळे बेल १७९६ साली मद्रास सोडून मायदेशी गेले. १७९७ साली त्यांनी लंडन येथे या प्रयोगाची हकिकत एका लहानशा पुस्तकात छापून प्रसिद्ध केली. या रीतीस इंग्लंडात ‘मद्रास पद्धती’ हे नाव पडले. ज्या देशी शाळेपासून तिची स्फूर्ती मिळाली, त्या शाळेच्या गुरुजींचे नाव मात्र कोठेही नोंदलेले नाही.

त्याच सुमारास लंडन शहरात जोसेफ लँकेस्टर नावाचा एक तरुण गरिबांच्या मुलांसाठी शाळा चालवू लागला होता. १७९८ साली त्याने शाळा काढली, तेव्हा तो केवळ सुमारे वीस वर्षांचा होता. ज्यांना फी देणे शक्य नाही, त्यांच्या मुलांनी फी न देता यावे, असे त्याने जाहीर केले. पाहता पाहता मुलांची गर्दी झाली. इतक्या मुलांना शिकविण्यास शिक्षक ठेवावेत, तर त्यांचे पगार कोठून द्यावयाचे? तेव्हा त्याने शिकलेल्या मुलांसच शिक्षक केले. अशा मुलास ‘मॉनिटर’ म्हणत. आज आपल्या वर्गात फळा पुसणारा, हजेरी नेऊन देणारा आणि गलबला झाल्यास नावे लिहून ठेवणारा जो मॉनिटर असतो, त्याचेच नाव या शाळांतही होते. फरक इतकाच, की त्या काळच्या मॉनिटरला प्रत्यक्ष शिकवावे लागे.

लँकेस्टरच्या शाळेची व्यवस्था पाहण्यासारखी होती. एक मोठा दिवाणखाना; त्यात एकामागे एक लांबच लांब बाके. सर्वांत पुढच्या बाकावर वाळूचे तबक. तेथे नुकतीच दाखल झालेली मुले बोटाने अक्षरे काढीत. त्यांच्यामागील मुले दगडी पाट्यांवर लिहीत. वाचनासाठी प्रत्येकास पुस्तक देणे परवडत नसे. म्हणून पुस्तकाची पाने मोठ्या अक्षरांत छापून, पुठ्ठ्यांस चिकटवून भिंतीवर टांगीत. मुले त्यांच्याभोवती अर्धवर्तुळ करून उभी राहत आणि मॉनिटर एकेकाकडून वाचून घेई. अशा रीतीने एकच पुस्तक साऱ्या शाळेस पुरे. दर दहा मुलांमागे सुमारे एक मॉनिटर असे. मॉनिटरांना त्यांचा पाठ मुख्य शिक्षक आधी शिकवून ठेवीत. या रीतीने एक शिक्षक एक हजार मुलांची शाळा चालवू शकेल, असे लँकेस्टर म्हणत असे.

ही पद्धती थोड्याच वर्षांत दूरवर पसरली. इंग्लंडात बेल यांच्या रीतीच्या शाळा चालविण्यासाठी १८११ साली एक मोठी संस्था निघाली, आणि लँकेस्टरच्या पुरस्कर्त्यांची संस्था त्यापूर्वीच, १८०८ साली, निघालेली होती. फ्रान्स, अमेरिकेतील संयुक्त संस्थाने आणि दक्षिण अमेरिका येथेही अशा शाळा निघाल्या. जी मुले एरवी शाळेचे तोंड पाहू शकली नसती, अशा असंख्य मुलांना या शाळांत अक्षरओळख झाली. हे तिचे यश लहान नव्हे.

या दोघा गृहस्थांत व त्यांच्या अनुयायांत मात्र ‘ही पद्धती प्रथम कोणी काढली?’ यावरून मोठा वाद माजला. वास्तविक दोघांच्याही कितीतरी आधी इक्केरीच्या ओसरीत चार मुले एकमेकांस शिकवीत बसली होती. परंतु त्यांनी आपल्या शोधाचे श्रेय मागितले नव्हते.

या पद्धतीत दोषही होते, आणि हळूहळू ते उघडकीस आले. पहिला दोष हा, की मॉनिटरला स्वतःला जेवढे पढविले जाई, तेवढेच त्यास ठाऊक असे. कोणी मुलाने ‘असे का?’ म्हणून विचारले, तर त्यास उत्तर देता येत नसे. त्यामुळे घोकंपट्टी वाढली आणि समज मागे पडली. दुसरा दोष शिस्तीचा. लँकेस्टर छडी मारण्याच्या विरुद्ध होता, ही गोष्ट चांगली. परंतु छडीऐवजी त्याने ज्या शिक्षा योजल्या, त्या मुलाच्या मनास लागणाऱ्या होत्या. अपराधी मुलाच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवीत. कधी त्यास टोपलीत बसवून ती टोपली छताला टांगीत, आणि इतर मुले खालून हसत. अंगावर वळ उठत नसला, तरी मनावर उठल्यावाचून कसा राहील? तिसरा दोष सर्वांत मोठा. ज्यांनी या शाळांस पैसा पुरविला, त्यांपैकी अनेकांस ती स्वस्त पडते म्हणून आवडली होती. मुलाने मुलास शिकविणे हे शिक्षणास पूरक म्हणून न राहता शिक्षकाच्या ऐवजी वापरले जाऊ लागले, आणि तेथेच त्यातील प्राण हरपला.

म्हणून १८४६ साली इंग्लंडात निराळी व्यवस्था सुरू झाली. तेरा वर्षे पूर्ण झालेल्या हुशार मुलामुलींना पाच वर्षे शाळेतच उमेदवारी करावयास ठेवीत. ती दिवसा शिकवीत आणि मुख्याध्यापक त्यांस स्वतंत्रपणे शिकवीत. या कामाबद्दल त्यांस वेतन मिळे, आणि पुढे परीक्षा देऊन अध्यापन विद्यालयात जाण्याची वाट त्यांच्यासाठी खुली असे. जो शिकवितो, त्याचे स्वतःचे शिक्षण थांबता कामा नये, हा धडा अनुभवाने मिळाला होता.

तेव्हा मुलांनी मुलांस शिकविण्याची कल्पनाच टाकून द्यावयाची की काय? तसे नव्हे. विसाव्या शतकात ती पुन्हा पुढे आली, आणि या वेळी तिचा हेतू पैसा वाचविणे हा नव्हता.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात ऑस्टिन नावाचे शहर आहे. तेथे पूर्वी गोऱ्या व काळ्या मुलांच्या शाळा वेगवेगळ्या असत. १९७१ साली ही मुले एकाच वर्गात बसू लागली. मेक्सिकन वंशाची मुलेही त्यांच्यासमवेत होती. एका छताखाली आल्याने मने मात्र एक झाली नाहीत. मारामाऱ्या होऊ लागल्या. तेव्हा शाळांच्या अधिकाऱ्यांनी तेथील विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक इलियट अॅरनसन यांस साहाय्यासाठी बोलावले.

अॅरनसन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह वर्गाचे बारकाईने निरीक्षण केले. त्यांस दिसून आले, की शिक्षकाने प्रश्न विचारला, की हात वर करण्याची चढाओढ लागते. एकास उत्तर आले नाही, की दुसऱ्यास आनंद होतो. म्हणजे वर्गबंधू हा सोबती नसून प्रतिस्पर्धी झाला होता. यावर त्यांनी एक उपाय काढला. पाच-सहा मुलांचा एकेक गट केला. प्रत्येक गटात निरनिराळ्या समाजांची मुले राहतील, अशी काळजी घेतली. मग एका पाठाचे तितकेच भाग पाडून प्रत्येक मुलास एकेक भाग दिला. उदाहरणार्थ, थोर व्यक्तीचे चरित्र असेल, तर एकाकडे बालपण, दुसऱ्याकडे शिक्षण, तिसऱ्याकडे उमेदीचा काळ, असे. प्रत्येकाने आपला भाग नीट अभ्यासावा व गटातील इतरांस शिकवावा. परीक्षा मात्र साऱ्या पाठावर व्हावयाची. ज्याप्रमाणे चित्राचे तुकडे जुळविल्यावाचून चित्र पुरे होत नाही, त्याप्रमाणे एकमेकांचे ऐकल्यावाचून पाठ पुरा होत नसे.

एका गटात एक अबोल मुलगा होता. इंग्रजी ही त्याची मातृभाषा नव्हती. बोलताना तो अडखळे आणि म्हणून वर्गात तो तोंडच उघडीत नसे. आपला भाग सांगण्याची त्याची पाळी आली, तेव्हा तो चाचरू लागला. गटातील मुले हसली व त्यास टोचून बोलू लागली. तेथे देखरेख करणाऱ्या सहायकाने त्यांस रागे भरले नाही. त्याने इतकेच सांगितले, की तुम्हांस हवे तर चेष्टा करा. परंतु या मुलास जे ठाऊक आहे, ते तुम्हांस ठाऊक नाही, आणि परीक्षा तर थोड्याच वेळात आहे. मुलांच्या ध्यानात गोष्ट आली. पुढील काही दिवसांत ती त्याची चेष्टा सोडून त्यास प्रश्न विचारू लागली. प्रश्नांमुळे त्यास बोलणे सोपे जाऊ लागले. तो मोकळा होत गेला, आणि जसजसा तो मोकळा झाला, तसतसे इतरांस कळून आले, की ज्यास आपण मंद समजत होतो, तो मुळीच मंद नाही. त्या मुलाची बुद्धी पूर्वी होती तीच होती. त्याचे ऐकून घेण्याची निकड मात्र प्रथमच इतरांस वाटली.

दुसऱ्यास शिकविल्याने शिकविणाऱ्याचा लाभ कसा होतो, याचाही अभ्यास झाला आहे. २०१४ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांना एक उतारा वाचावयास दिला. काहींस सांगितले, की यावर तुमची परीक्षा आहे. काहींस सांगितले, की हा उतारा तुम्हांस दुसऱ्यास शिकवावयाचा आहे. प्रत्यक्षात शिकविण्यास कोणासच लावले नाही. सर्वांची परीक्षाच घेतली. तरीही ज्यांनी शिकविण्याच्या तयारीने वाचन केले होते, त्यांस अधिक गोष्टी आठवल्या आणि त्या अधिक सुसंगत रीतीने मांडता आल्या. याचे कारण उघड आहे. परीक्षेसाठी वाचणारा ‘मला काय आठवेल?’ असे पाहतो. शिकविण्यासाठी वाचणारा ‘यात मुख्य काय, आधी काय आणि नंतर काय?’ असे पाहतो.

एक साधे उदाहरण घेऊ. अर्धा अधिक एक तृतीयांश किती? पुष्कळ मुले अंशात अंश व छेदात छेद मिळवून दोन पंचमांश असे उत्तर देतात. ज्यास छेद समान करण्याची रीत पाठ आहे, तो म्हणेल, ‘चूक, उत्तर पाच षष्ठांश.’ पण चुकणाऱ्याने विचारले, ‘माझे का चुकले?’ तर नुसती रीत पाठ असून भागत नाही. त्यास समजावून देण्यासाठी शिकविणाऱ्यास विचार करावा लागतो. मग त्यास सुचते, की भाकरीचे उदाहरण द्यावे. ‘तुझ्याजवळ अर्धी भाकरी होती. तीत आणखी भाकरी मिळविली. आता अर्ध्यापेक्षा अधिक व्हावयास हवी ना? पण दोन पंचमांश तर अर्ध्याहून कमी! मिळविल्यावर भाकरी कमी कशी झाली?’ येथे चुकणाऱ्याचे डोळे उघडतात. मग दोघे मिळून भाकरीचे सहा समान भाग कल्पितात. अर्धी म्हणजे तीन भाग, तृतीयांश म्हणजे दोन भाग, मिळून पाच भाग. शिकणाऱ्यास उत्तर समजते आणि शिकविणाऱ्यास आपलीच रीत प्रथमच उमगते. पाठ असणे आणि समजणे यांतील अंतर शिकवू लागल्यावाचून कळत नाही.

मात्र शिकविणे म्हणजे उत्तर सांगून टाकणे नव्हे. सोबत्याच्या वहीत आपण गणित सोडवून दिले, तर त्याचे काम होते, पण शिक्षण होत नाही. चांगला बालगुरू आधी ऐकतो. सोबती नेमका कोठे अडला आहे, हे शोधतो. एक लहान प्रश्न विचारतो आणि विचार करण्यास त्यास वेळ देतो. जे आपल्याला येत नाही, ते ‘मला ठाऊक नाही, गुरुजींस विचारू’ असे तो मोकळेपणाने म्हणतो. सोबती चुकल्यास तो हसत नाही. कारण आज जो शिकवितो, तो उद्या दुसऱ्या विषयात शिकणारा असतो. गणितात पुढे असलेल्या मुलास चित्रकलेत, शेतीच्या माहितीत किंवा कवितेच्या पाठांतरात दुसऱ्याकडून शिकावे लागते. ज्या वर्गात एकच मुलगा नेहमी शिकवितो व इतर नेहमी शिकतात, त्या वर्गात ही रीत अर्धीच आली, असे समजावे.

आणि गुरुजींचे काय? त्यांचे काम कमी होत नाही. ते अधिक नाजूक होते. कोणास कोणता भाग द्यावा, कोण कोठे चुकीचे सांगत आहे, कोण संकोचाने मागे राहिला आहे, हे सारे त्यांस पाहावे लागते. ज्या शाळांनी गुरुजींच्या जागी मुलांना बसविले, त्या मागे पडल्या. जेथे गुरुजींच्या नजरेखाली मुले एकमेकांच्या शेजारी बसली, तेथे ही रीत फळास आली.

इक्केरीची ती चार मुले, मद्रासचा आठ वर्षांचा फ्रिस्किन आणि ऑस्टिनचा तो अबोल मुलगा यांचे देश वेगळे, भाषा वेगळ्या आणि काळही वेगळे. तरी तिन्ही ठिकाणी घडले ते एकच. आपल्याजवळ जे थोडेसे ज्ञान होते, ते त्यांनी शेजाऱ्याच्या पुढे ठेवले, आणि त्या देण्यातून दोघेही मोठे झाले. धूळपाट्या आता राहिल्या नाहीत. परंतु शेजारच्या बाकावर कोणीतरी अडलेला असतो आणि ते आपणांस येत असते, असा प्रसंग प्रत्येक वर्गात रोज येतो. अशा वेळी वही झाकून घ्यावयाची, की सरकून थोडी जागा करून द्यावयाची, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.